पिकतं तिथं विणत नाही

लिव्हरपूलच्या कापूसबाजारात ‘उमरा’ नावाचा माल चालायचा. उमरा म्हणजे उमरावती, म्हणजे आपली अमरावती. वऱ्हाडातल्या एका गावाचं नाव सातासमुद्रापार गेलं ते असं, कापसाच्या प्रतीचं नाव होऊन, आणि ती प्रतही वरची नव्हे. धागा आखूड, त्यात पानांचा कचरा, मातीचे कण. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या राज्यांतून येणारा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसावर भागवावं लागलं. तिथं या सगळ्याच मालाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो इतका तुटायचा की उत्पादनाच्या हिशेबाने मजुरी घेणाऱ्या कामगारांची कमाई घसरली, आणि ‘सुरत’ हा शब्द टाकाऊ वस्तूला हिणवण्यासाठी वापरात आला. देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको, अशी प्रार्थना तिकडच्या चर्चमध्ये झाल्याचा किस्सा अजून सांगतात.

तरीही वऱ्हाड कापूस विकत राहिला. आजही विकतो. का, याचं उत्तर आपल्याला शाळेतल्या भूगोलापासून पाठ आहे: काळी माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसॉल्ट झाला, बेसॉल्ट झिजून रेगूर झाली. ही माती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते. पाऊस गेला तरी पऱ्हाटी त्या ओलीवर तगते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती भेगांत जाते, आणि निम्मी मशागत जमीन स्वतःच उरकते.

अर्थशास्त्रात याच उत्तराला सिद्धान्ताचा मान आहे. एली हेक्शर या स्वीडिश अभ्यासकाने १९१९ साली एक निबंध लिहिला. त्याचा विद्यार्थी बर्टिल ओहलिन याने १९३३ साली त्या विचाराचं मोठं पुस्तक केलं. सार असं की ज्या देशाकडे जे मुबलक, ते तिथं स्वस्त असतं. ते ज्यात जास्त लागतं तो माल तो देश बाहेर विकतो आणि ज्याची टंचाई आहे ते ज्यात लागतं तो माल बाहेरून आणतो. जमीन असेल त्याने धान्य विकावं, भांडवल असेल त्याने यंत्रं, माणसं असतील त्याने कापड. वासिली लिओन्टिफने १९५३ साली अमेरिकेचे आकडे घेऊन हे पडताळून पाहिलं, तर भांडवलाने ओसंडून वाहणारी अमेरिका तुलनेने कमी भांडवलाचा माल निर्यात करताना दिसली. त्या आकड्यांचा उलगडा करण्यात अर्थशास्त्रज्ञांची एक पिढी गेली. ओहलिनला नोबेल मिळायचं ते १९७७ साली मिळालंच. सिद्धान्त इतका सुबक असला की आकडेच चुकले असावेत असं वाटतं.

मला आकड्यांहून काळी माती जास्त अडते. ती साडेसहा कोटी वर्षांच्या खडकाची आहे. तिच्यात कापूसही शतकानुशतकं पिकत होता. पण त्यातला बराचसा तिथंच वेचला, पिंजला, कातला आणि विणला जाई. वऱ्हाडातून कच्च्या कापसाच्या गाठींचा पूर वाहू लागला तो १८६० नंतर. मातीत काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते वेगळंच.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६३ साली भोर घाटातून आणि १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर चढली, १८६७ साली ती नागपूरला पोचली. लोह‍मार्ग वऱ्हाड कापत गेला, मग मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या खामगावसाठी खास फाटा टाकला आणि १८७० साली व्हाइसरॉय मेयो जातीने त्याचं उद्घाटन करायला आले. एवढा मोठा माणूस एवढ्याशा फाट्यासाठी! पण खामगावचं कापूस मार्केट तेवढ्या तोलाचं होतं. तारयंत्र आलं, त्यामुळे लिव्हरपूलचा भाव अडत्याच्या गादीवर पोचू लागला. जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, कारण मोकळी रुई जहाजात परवडत नाही, ती दाबून गाठ करावी लागते. व्होलकार्टसारख्या स्विस पेढ्यांनी गावात प्रेस घातले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला.

आणि एक कापूस आयुक्त नेमला गेला. हॅरी रिव्हेट-कारनॅक हे त्यांचं नाव. रेल्वेने विलायती कापड स्वस्तात वऱ्हाडात उतरेल, देशी विणकर त्यापुढे टिकणार नाही, आणि मोकळे झालेले हात शेतीकडे वळून आणखी कापूस पिकवतील, अशी अपेक्षा या गृहस्थांनी सरकारी कागदावर स्वच्छ लिहून ठेवली आहे. मला त्यांचा राग येत नाही. उलट कौतुक वाटतं. जे पुढे पाठ्यपुस्तकांत निसर्गनियम म्हणून आलं, ते त्यांनी कामाची यादी म्हणून लिहिलं होतं. वऱ्हाडात जमीन मुबलक आणि विणकर दुर्मीळ, ही ‘नैसर्गिक’ स्थिती तयार करायची होती. ती झाली.

मराठीत ‘दान’ शब्दाला दोन अर्थ आहेत. एक देणगीचा, दुसरा फाशांचा. निसर्गाचं दान म्हणताना आपण पहिला अर्थ घेतो. फासे कोणाच्या हातात होते ते विचारायचं राहून जातं.

रेल्वेचा नकाशा पाहिला की हे जास्त कळतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी कंपनीने टाकली, कापसासाठी. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला, मुंबईहून जहाजावर. सगळ्या वाटा बंदराकडे उतरत्या. यवतमाळचा कापूस एखाद्या मागाकडे नेणारी वाट कोणी आखली नाही. आणि त्याआधी, मुख्य मार्गावरच्या गाड्या भरून धावत असतानाच्याच काळात, १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली, कापसाने श्रीमंत म्हणवला जाणारा वऱ्हाड दुष्काळात माणसं गमावत होता. ज्वारीच्या रानात कापूस आला होता. ज्याच्या घरात कणगी नाही त्याला भाव चढल्यावर बाजारात जागा नसते.

आता दुसरीकडे बघू. ओसाकाला काळी माती नाही. जपानात थोडा कापूस पिके, तोही आखूड आणि महाग. उद्योजक शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने १८८२ साली तिथं ओसाका स्पिनिंग कंपनी निघाली. दुसऱ्या वर्षी वाफेवर साडेदहा हजार चात्या फिरू लागल्या. दोन पाळ्या, रात्रीही काम, आधी दिव्यांवर आणि मग विजेवर. खेड्यांतून आणलेल्या कोवळ्या मुली यंत्रावर. त्यांच्या हालांची कहाणी वेगळी आणि भयंकर आहे. कापूस बाहेरून आणायचा, म्हणजे पुढे मुख्यतः हिंदुस्थानातून. त्यात पी. अँड ओ.सारख्या युरोपीय जहाज कंपन्यांची भाड्याची मक्तेदारी आडवी येई, म्हणून १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने मुंबई ते कोबे अशी स्वतःची बोट सुरू केली. या कामात तिचे भागीदार होते जमशेटजी टाटा.

लँकेशायरने नाक मुरडलेला ‘उमरा’ ओसाकाने घेतला. कसा, यातच सगळी मेख आहे. जपानी कारखान्यांनी गाठी मिसळायची विद्या कमावली: आखूड हिंदुस्थानी रुईत लांब धाग्याची अमेरिकन रुई नेमकी किती घालायची, पुरेशी मजबुती यावी आणि पैसाही वाचावा. रोजच्या भावाप्रमाणे हे प्रमाण बदलायचं. पुढे तोयो मेन्का, निप्पॉन मेन्का, गोशो या पेढ्यांची माणसं मुंबईत थांबली नाहीत, आत गावोगावच्या बाजारांत खरेदीला जाऊन बसली. १८९७ साली जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. चीनच्या बाजारात मुंबईच्या गिरण्यांचं सूत विकलं जाई. पहिलं महायुद्ध येईपर्यंत जपानने ते हटवत आणलं होतं. काय विलक्षण गोष्ट: मुंबईच्या गिरण्यांना त्यांच्याच परसातल्या कापसाने हरवलं.

हेक्शर-ओहलिनचा वकील इथं उठून उभा राहील. म्हणेल, यात सिद्धान्ताविरुद्ध काय आहे? जपानकडे स्वस्त माणसं होती, त्याने कापड विकलं. तुमच्याकडे जमीन होती, तुम्ही कापूस विकला. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण स्वस्त माणसं वऱ्हाडात नव्हती का? मुंबईत नव्हती का? तंत्राचं म्हणाल तर जमशेटजींनी कापसाच्या अगदी कुशीत, नागपूरला, १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली होती, आणि नव्या रिंग पद्धतीच्या चात्या तिथं ओसाकाइतक्याच लवकर आल्या होत्या. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला इथंही गिरण्या निघाल्या. माती होती, माणसं होती, यंत्रं होती, हिंमत होती. मग कमी काय पडलं?

१८९६ हे एक साल घेऊ. त्या वर्षी जपानी सरकारने बाहेरून येणाऱ्या कापसावरचं आयात शुल्क काढून टाकलं. स्वतःच्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यावर त्याने पाणी सोडलं, हेही नोंदवायला हवं. ओसाकाचं यश जपानी खेड्यांना फुकट पडलेलं नाही. त्याच १८९६ साली कलकत्त्याच्या सरकारने हिंदुस्थानी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात शुल्क होतं, मग देशी कापडाला फायदा मिळता कामा नये, असा लँकेशायरचा हट्ट. ती अबकारी सुटायला १९२५ उजाडलं. त्याआधी १८९३ साली सरकारने रुपये पाडण्यासाठी टांकसाळ लोकांना बंद केली. चांदीच्या तुलनेत रुपया महागला, आणि चांदीवर चालणाऱ्या चीनला मुंबईचं सूत महाग पडू लागलं. जपान तेव्हा अजून चांदीवरच होता. हे कुठल्याही जमिनीच्या नकाशात सापडत नाही.

एका प्रदेशाने आपल्याकडे नसलेल्या वस्तूवर धंदा उभारला, दुसऱ्याला आपल्याकडे असलेल्यावर उभारता आला नाही. फरक मातीचा नव्हता, मुखत्यारीचा होता. हे माझं एकमेव म्हणणं आहे, आणि ते नवं नाही. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. उष्ण कटिबंधाने कच्चा माल पिकवावा आणि समशीतोष्ण देशांनी तो वाहून न्यावा व त्याचा पक्का माल करावा, ही जी वाटणी इंग्रजी पुस्तकं स्वाभाविक म्हणून शिकवतात, तिच्यावर त्यांचा रोख होता. हिंदुस्थान म्हणजे एक मळा झाला आहे, पीक इथलं आणि बाकी सगळं परक्याचं, अशी त्यांची तक्रार. हेक्शरचा निबंध यायला अजून २७ वर्षं होती. सिद्धान्त जन्मायच्या आधी त्याचा प्रतिवाद पुण्यात होऊन गेला होता! रानड्यांचं नाव मात्र आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अभ्यासक्रमात येत नाही.

एक गोष्ट मात्र रानड्यांनाही दिसली नसती, कारण ती नंतर घडली: निर्यातीने मातीचं देणंच बदललं. हिंगणघाटची ‘बनी’ ही जुनी जात, धागा त्या मानाने लांब आणि मऊ. पण तिचं उत्पन्न कमी. बाजारात व्यापारी सगळं एकत्र ओतत, लांब धाग्याला वेगळा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडत नसे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘रोझियम’ पसरली. धागा आखूड आणि खरबरीत, पण सरकी कमी, रुई जास्त. मिसळून चालवणारं गिऱ्हाईक तयार होतंच. शेतकऱ्याने शहाणपणाने तीच निवडली आणि बनी मागे पडत गेली. पन्नास वर्षांनी कोणी तज्ज्ञ येऊन म्हणाला असता की वऱ्हाडची जमीन आखूड धाग्याची आहे, तर तो खोटं बोलला नसता. त्याला एवढंच माहीत नसतं की ही जमीन तशी केली गेली होती.

१९३३ साल यात गमतींनी भरलेलं आहे. ओहलिनचं पुस्तक त्या वर्षी आलं. त्याच वर्षी कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकलं. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने ब्रिटनबाहेरच्या कापडावर ७५ टक्के आयात शुल्क ठोकलं, आणि जपानी गिरण्यांनी उलट हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार टाकला. पेच पडला तो शेतकऱ्याला. गाठींना गिऱ्हाईक नाही. १९३४ साली तह झाला तो वाचण्यासारखा आहे: जपानने १० लाख गाठी घेतल्या तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड इथं विकता येईल, १५ लाख गाठी घेतल्या तर ४० कोटी वार. म्हणजे कच्च्या मालाचा भाव पक्क्या मालाच्या परवान्यात. कापूस विकायचा तर कापड विकत घ्या. आणि याच १९३३ मध्ये तोयोदा नावाच्या माग बनवणाऱ्या कारखान्याने मोटारीचा विभाग उघडला. साकिची तोयोदांचा स्वयंचलित माग इतका चांगला निघाला होता की १९२९ साली ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने त्याच्या हक्कापोटी एक लाख पौंड मोजायचं कबूल केलं. यंत्रं विकणाऱ्या लँकेशायरने यंत्राचा हक्क विकत घेतला. पुढची टोयोटा सगळ्यांना ठाऊक आहे. गाठ दाबण्यातून पुढे गाठच निघते. कापड विणण्यातून माग, मागातून लेथ, लेथमधून मोटार निघू शकते. निघेलच असं नाही. मुंबईत निघाली नाही.

वऱ्हाडची काळी माती आणि गोव्याची लाल माती यांचं गिऱ्हाईक एकच, जपान, असावं हा योगायोग नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडे लोखंडाचं खनिज जवळजवळ नव्हतं. कावासाकी स्टीलने चिबाला १९५३ साली भट्टी पेटवली ती समुद्राच्या काठावर, खोल पाण्याजवळ, खनिज आणि कोळसा दोन्ही बोटीने उतरवता येतील अशी. ज्याच्या घरात काहीच नाही त्याने दार मोठं केलं. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथलं खनिज हलक्या प्रतीचं, भुकटीसारखं. पण खाणीपासून नदी जवळ, मांडवी आणि जुवारीतून बार्ज थेट मुरगावला. जपानी पैशाने यंत्रं आली. त्या खनिजाला देशातल्या पोलाद कारखान्यांकडून फारशी मागणी नव्हती, म्हणून १९६१ च्या मुक्तीनंतरही ते बाहेरच जात राहिलं. गोव्यात मोठा पोलाद कारखाना झाला नाही. इथं मी भावनेच्या भरात जाणार नाही: कोळसा नाही, जागा नाही, व्हायला नकोच होता.

पण दानाचा दुसरा अर्थ तिथंही दिसला. खाणमालकांनी फेकलेल्या कमअस्सल मातीचे डोंगर गावांच्या कडेला पडून होते. गोव्यात त्यांना ‘डंप’ म्हणतात. २००० नंतर चीनच्या भट्ट्यांना काहीही चालू लागलं आणि कालचा कचरा आजचं खनिज झाला. टिप्परच्या रांगा लागल्या, शेतात गाळ उतरला, विहिरी खोल गेल्या. २०१० च्या सुमारास वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास माल बाहेर जात होता, एवढ्याशा राज्यातून. मग २०१२ साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल, त्याच वर्षी बंदी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पट्टे २००७ सालीच संपले होते. २०१८ साली नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द झाले. खनिज जिथं होतं तिथंच राहिलं, पण तालुकेच्या तालुके रिकामे बसले, कारण गावाने कर्ज काढलं होतं ते टिप्परसाठी.

मग कच्चा माल बाहेर जाऊच देऊ नये? इंडोनेशियाने २०२० पासून कच्च्या निकेलची निर्यात बंद केली, आणि चिनी कंपन्यांनी तिथंच भट्ट्या घातल्या. आपल्याकडचा अनुभव कमी सुखाचा आहे. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली, शेतीमंत्री शरद पवारांसकट अनेकांनी विरोध केला, आणि काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली. अशा बंदीने तिरुपूरच्या गिरणीला रुई स्वस्त मिळते आणि तिचे पैसे यवतमाळच्या शेतकऱ्याच्या खिशातून जातात. कोरडवाहू शेतकऱ्याने देशाच्या कारखानदारीला अनुदान द्यावं ही कल्पना मला पटत नाही, कितीही राष्ट्रीय भाषेत मांडली तरी. १८९६ सालच्या जपानी शेतकऱ्याचं जे झालं ते आपल्याकडे लोकशाहीत करता येत नाही आणि करू नये. माझ्या युक्तिवादातली ही गाठ मला सोडवता आलेली नाही.

इचलकरंजीजवळ कापूस पिकत नाही. १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग आला आणि आज ते गाव कापडाचं म्हणून ओळखलं जातं. अमरावतीच्या वस्त्रोद्योग पार्कची कोनशिला सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी बसवली; त्याची हकीकत लिहायला अजून वेळ आहे. आणि भारतीय कापसाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अलीकडच्या वर्षांत बांगलादेश आहे, ज्याच्या स्वतःच्या शेतात कापूस नावापुरता आणि जो तयार कपडे विकण्यात जगात चीनच्या खालोखाल आहे. व्यापारी गाठीवर आता ‘उमरा’ लिहीत नाहीत. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये लिहितात.